गाडी कधी सोडतेस?

"गाडी कधी सोडतेस?" असं बाबांनी विचारलं, तेव्हा गाडी त्यांच्या समोरून दोनदा जाऊन आली होती.

डर्बीतल्या आमच्या घराचा माळा. बाहेर ऑक्टोबरचा पाऊस, म्हणजे आपल्याकडच्या माणसाने ज्याला पाऊस म्हणू नये असा, नुसता ओलसर कंटाळा. माळ्यावर हीटर नाही, म्हणून बाबा माकडटोपी घालून, गुडघ्यांवर शाल घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं परत गेल्यावर करायचंय, त्यामुळे फळीवर धावणारं वीतभर इंजिन त्यांना निळ्या ठिपक्यासारखं दिसत असणार. पण तसंही बाबांनी इंजिनं डोळ्यांनी कधी बघितलीच नाहीत. कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये छत्तीस वर्षं काढलेला हा माणूस इंजिन ऐकतो. मान जराशी उजवीकडे कललेली, तोंड अर्धवट उघडं, हातातला चहा विसरलेला. माझ्या लहानपणी रात्री मालगाडी कसाऱ्याच्या दिशेने निघाली की जेवता जेवता ते असेच थांबायचे आणि आई म्हणायची, "घास गिळा आधी." त्या दिवशीही ते तसेच कान देऊन बसले होते. ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. मी तीन आठवडे खपून जुन्या इंजिनाची चॅसी, म्हणजे खालचा अख्खा सांगाडा, काढून टाकून नवी बसवली होती. ती इतकी गुळगुळीत चालत होती की गाडी सुटलेलीच त्यांना कळली नाही.

"सुटली की बाबा. ही बघा, बोगद्यातून बाहेर येतेय."

"अस्सं," ते म्हणाले. मग जरा वेळाने, बहुधा मला बरं वाटावं म्हणून, "छान चालतीये."

त्या "छान"चा मला अजून त्रास होतो.

हे इंजिन मुळात दादाचं. मामा बोटीवर होता, १९८७ साली लिव्हरपूलहून येताना त्याने एक लांबुडका खोका आणला. दादाने दोन दिवस रूळ जोडले, तिसऱ्या दिवशी बॅट घेऊन मैदानात पळाला तो पळालाच. मी नऊ वर्षांची होते. निळं अंग, पिवळं नाक, नाकावर दोन बाजूंना गोल डोळ्यांसारखे दिवे. ब्रिटिश रेल्वेचं क्लास ३७ डिझेल, हे कळायला पुढे वीस वर्षं जावी लागली. तेव्हा ते नुसतं "इंजिन" होतं. रेल्वे क्वार्टरच्या शहाबादी फरशीवर पलंगाखालून निघून कपाटाला वळसा घालून परत पलंगाखाली जाणारा लंबगोल, आणि मध्ये देवघराशी एक फाटा. फरशी कितीही झाडली तरी आईचे आणि माझे लांब केस चाकांच्या आसांभोवती गुंडाळले जायचे. दर रविवारी बाबा इंजिन उताणं करून चिमट्याने ते केस ओढून काढायचे, आणि आई म्हणायची, माझ्या डोक्यावर तेवढे राहिले नाहीत जेवढे त्या मेल्याच्या पोटात गेले.

मोटर बिचारी अगदीच साधी होती. इंग्रज लोक तिला पॅनकेक मोटर म्हणतात, कारण ती चपटी, गोल आणि एका बोगीच्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्याच्या, कुशीत उभी बसवलेली असते. आमच्या घरात ती थालीपीठ मोटर झाली. ताकद तेवढ्या एकाच बोगीत. दुसरी बोगी वरातीतल्या नवरदेवासारखी, स्वतः काही न करता मिरवत पुढे जाणारी. चाकं घसरू नयेत म्हणून त्यांच्यावर रबराची बारीक कडी. आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरणारा गाभा, तीन पोलांचं, त्यामुळे सुटताना आधी जागच्या जागी ऊं-ऊं, मग एकदम गचका, मग पळापळ. वीज उचलणारी चाकं मोजकीच, फाट्यावर आलं की हमखास अडायचं. मग बोटाने ढोसायचं. आणि आवाज! गिरणीत दळण संपत आल्यावर जातं जसं मोकळं ओरडतं, तसा. शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू भिंतीवर थाप मारायच्या. पाचदहा मिनिटं चाललं की वास सुटायचा: तापलेलं तेल, इस्त्री जरा जास्त टेकल्यावर येतो तो करपट वास, आणि त्यात मिसळलेला तो वीज कडाडून गेल्यावरचा तीक्ष्ण वास. बाबा शेडमधून घरी आले की त्यांच्या शर्टालाही साधारण असाच वास असायचा. खेळण्याला बाबांचा वास येतो, याचं मला तेव्हा नवल वाटलं नव्हतं.

१९९०च्या मार्चमध्ये, माझी परीक्षा चालू असताना, ते बंद पडलं. बाबांनी चार स्क्रू काढले, पोट उघडलं आणि म्हणाले, "ब्रश संपलेत." कार्बनचे दोन इवलेसे तुकडे, तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठे. कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरबरोबर फिरणाऱ्या तांब्याच्या कड्यावर, स्प्रिंगने दाबून धरलेले असतात, फिरणाऱ्या आर्मेचरला वीज तेच पोचवतात, आणि पोचवता पोचवता स्वतः झिजत जातात. कल्याणात असले ब्रश कुठून मिळणार? मामाला पत्र टाकायचं तर तो सहा महिने दर्यावर. दुसऱ्या दिवशी बाबांनी रुमालात बांधून एक काळा तुकडा आणला. साबणाच्या झिजलेल्या वडीएवढा. खऱ्या इंजिनाच्या टीएमचा, म्हणजे ट्रॅक्शन मोटरचा, घासून टाकाऊ झालेला कार्बन ब्रश. (भंगारातला हो. हे आईलाही त्यांनी तीनदा सांगितलं होतं.) मग दोन संध्याकाळी उंबऱ्यावर बसून हॅक्सॉच्या पात्याने कापणं, पॉलिश पेपरवर घासणं, पितळी नळीत टाकून बघणं, परत घासणं. "सरकला पाहिजे, पण डुगडुगता नये," असं स्वतःशीच. बोटं काळी, पायजमा काळा, दाराच्या पांढऱ्या पडद्यावर पाच बोटांचा ठसा. आईने तो पडदा पुढे कितीतरी धुतला, पण ठसा गेला नाही. कार्बन धुण्याने जात नाही.

बसवल्यावर लगेच पळवायचं नाही, असा हुकूम झाला. नव्या ब्रशचं तोंड कम्युटेटरशी जुळायला वेळ लागतो, तोवर ठिणग्या पडतात. एक तास हळू हळू फिरवायचं. तो तास बाबा फरशीवर आडवे, एक कान जमिनीला लावून. मी भूगोल घेऊन शेजारी. तासाभराने ते म्हणाले, "आता बसले." मला आवाजात काहीच फरक कळला नव्हता.

असं ते इंजिन २००९मध्ये माझ्याबरोबर इकडे आलं, आईच्या जुन्या साडीत गुंडाळून, गोडा मसाला आणि प्रेशर कुकरच्या मधे. जिथे जन्मलं त्या देशात परत आलं म्हणा. मला नोकरी लागली ती नेमकी डर्बीत, ज्या गावात १८३९पासूनचं गोल इंजिनघर अजून उभं आहे आणि जिथे टॅक्सीवालासुद्धा रेल्वेबद्दल मत बाळगून असतो. पहिल्याच हिवाळ्यात मी इथल्या मॉडेल रेल्वे क्लबात गेले. मंगळवारी संध्याकाळी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. वीस आजोबा आणि मी. माझं इंजिन बघून त्यांनी माना डोलावल्या. चेहरा छान आहे, म्हणाले, त्या काळच्या स्वस्त मॉडेलांत कधीकधी नाक फार झकास उतरायचं. आणि मग सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की खालचं सगळं बदल.

क्लबातल्या निम्म्या मंडळींचा हाच उद्योग. जुनं, प्रेमाचं, ओरखडे पडलेलं अंग ठेवायचं आणि खाली नवी चॅसी घालायची. नव्या पिढीच्या चॅसीत मोटर मधोमध असते, पाच पोलांची, बंद डब्यातली. तिच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवून धरणारी जड चाकं, तिथून दोन बारीक दांडे दोन्ही बोग्यांना. बाराच्या बारा चाकं ओढतात आणि बाराच्या बारा वीज उचलतात. ओतीव धातूचा ठोकळा असल्याने वजन असं की हातात घेतल्यावर माणूस "बाप रे" म्हणतो. मी बरीच वर्षं चालढकल केली. पण क्लबच्या मांडणीवर माझं इंजिन प्रत्येक फाट्यावर अडायचं. त्याची चाकंही जुन्या वळणाची, कडा इतक्या खोल की नव्या बारीक रुळांवर ती रूळ धरणाऱ्या खुंट्यांवर खडखडत जायची, आणि मागे तिघांच्या गाड्या खोळंबायच्या. इथली माणसं काही बोलत नाहीत. नुसती घड्याळाकडे बघतात. शेवटी एका प्रदर्शनात मला टेबलावरून पडून नाक फुटलेलं एक नवं क्लास ३७ मिळालं, पंचेचाळीस पौंडांत. अंग गेलेलं, चॅसी ठणठणीत. आमचं बरोबर उलटं. पत्रिका जुळली.

लग्न मात्र सुखाने लागलं नाही. जुन्या अंगाच्या आतल्या बाजूला खिडक्या धरून ठेवणाऱ्या कडा होत्या, त्या नव्या ठोकळ्याला अडायच्या. त्या कानसून काढाव्या लागल्या, तेही प्लॅस्टिक तापून वितळू नये अशा बेताने. मग अंग बसलं ते दोन मिलिमीटर उंच, साडी नेसताना घोटा उघडा राहावा तसं. मग ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना कानस. मग ते एका बाजूला कललं. मग प्लॅस्टिकच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या चिकटवून ते सरळ करणं. बफर कुणाचे ठेवायचे, अंगाचे की चॅसीचे, यावर मी एक अख्खा रविवार घालवला. बाहेरून साबणाच्या कोमट पाण्याने, जुन्या टूथब्रशने सगळं धुतलं. निळा रंग असा उजळला की मलाच ओळखू येईना. आतून धुवायचा कंटाळा केला. आतलं कोण बघतंय?

पहिल्यांदा फिरवलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला अत्यानंद झाला. चालायच्या वेगाने फाट्यावरून गेलं, दिवेसुद्धा लुकलुकले नाहीत. साप कात टाकतो आणि आपण पुढे जातो. मी कात ठेवली होती आणि साप टाकून दिला होता. पण हे वाक्य तेव्हा सुचलं नाही. तेव्हा फक्त असं वाटलं की चला, एक काम झालं.

बाबा आल्यावर पहिल्या दिवशी माळ्यावर त्यांनी स्टीलची फूटपट्टी मागून घेतली आणि रुळांमधलं अंतर मोजलं. साडेसोळा मिलिमीटर. "आणि प्रमाण?" एकास शहात्तर. त्यांनी तोंडी गुणाकार केला. "म्हणजे सव्वा मीटर. इथलं गेज चौदाशे पस्तीस ना? ही तर फेंगडी नाही, जुळलेल्या गुडघ्यांची आहे." सत्तर वर्षांपुढचा हा माणूस दोन मिनिटांत अशा ठिकाणी पोचला, ज्यावरून इथले छंदवेडे जवळजवळ शंभर वर्षं भांडताहेत. गोष्ट अशी की रूळ आधी युरोपात एकास सत्त्याऐंशी या मापासाठी बेतले गेले. ब्रिटिश इंजिनं मुळात अंगाने लहान. त्या मापात केली तर तेव्हाच्या धटिंगण मोटरी पोटात मावेनात. मग काय केलं, तर रूळ आणि चाकं तशीच ठेवून वरचं अंग तेवढं मोठं केलं. म्हणजे या देशातल्या मॉडेलांत अंग आणि अंगरखा पहिल्यापासूनच वेगवेगळ्या मापांचे. मी काहीतरी पाप केलंय असं वाटत असेल तर ते तरी नाही.

आणि मला भीती होती ती वेगळीच. मला वाटत होतं की बाबा विचारतील, आता हे तेच इंजिन राहिलं का? क्लबात हा प्रश्न चहाच्या दुसऱ्या कपाला निघतोच. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण बाबांना त्यात काही विचारण्यासारखं वाटलंच नाही. "शेडात काय रोज हेच," ते म्हणाले. "क्रेनने बॉडी उचलायची, खालून बोग्या ढकलून काढायच्या, दुसऱ्या आत सारायच्या. सकाळी एका इंजिनाखालची बोगी संध्याकाळी दुसऱ्याखाली. नंबर बॉडीवर असतो. संपलं." पंचवीस वर्षं ज्यावर क्लबातले आजोबा वाद घालतात ते "संपलं" या एका शब्दात संपलं. खऱ्या रेल्वेला असल्या गोष्टींचं काही वाटत नाहीच. इथून अर्ध्या तासावर लफबरोला १९९८ ते २००४ या काळात जुन्या क्लास ४७च्या तेहतीस अंगांमध्ये अमेरिकन इंजिनं बसवली आणि त्यांना क्लास ५७ म्हटलं. रेल्वेवेड्यांनी त्यांचं नाव ठेवलं "बॉडीस्नॅचर". मी बाबांना त्याचं मराठी करून सांगितलं: अंगचोर. "मग आमच्या शेडात बरेच होते," ते म्हणाले. वाराणसीला तर २०१८मध्ये दोन जुनी डिझेल इंजिनं जोडून दहा हजार अश्वशक्तीचं विजेवरचं इंजिन केलं. हे मात्र बाबांना आवडलं होतं. पेपरातलं कात्रण ठेवलंय त्यांनी.

तर प्रश्न "तेच का" हा नव्हता. मग "छान चालतीये" म्हणताना त्यांचा आवाज असा का पडला?

ते मला कळलं डर्बी स्टेशनवर. आईला नॉर्मंटन रोडवरून मेथी आणायची होती, मी बाबांना घेऊन स्टेशनवर गेले. नशीब असं की रूळ तपासणारी पिवळी गाडी उभी होती आणि तिला खरंखुरं क्लास ३७ जोडलेलं. साठ वर्षांपूर्वीचं इंजिन, उभ्या उभ्या घुरघुरत, फलाटाच्या फरशीतून तळपायांना कळेल असं. अशी एकूण ३०९ इंजिनं १९६० ते ६५ या काळात झाली, आणि बरीचशी न्यूटन-ल-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीत, इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीसाठी. बाबा एकदम वळले. कारण १९५४-५५च्या सुमारास मध्य रेल्वेसाठी डब्ल्यूसीएम-१ नावाची सात इंजिनं आली, तीही इंग्लिश इलेक्ट्रिकची, आणि त्याच व्हल्कन फाउंड्रीतली. १५०० व्होल्ट डीसीवर चालणारी. बाबा १९७२मध्ये शेडात लागले तेव्हा त्यांचे हात पहिल्यांदा काळे केले ते याच इंजिनांच्या टीएमनी. इतकी वर्षं आमच्या पलंगाखाली त्यांच्याच घराण्यातलं कुणीतरी फिरत होतं आणि ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

बाबा त्या इंजिनाजवळ पाचसात मिनिटं उभे राहिले. मान उजवीकडे. डिझेलवर त्यांनी कधी काम केलेलं नाही, तरी ऐकत राहिले. मग म्हणाले, "आजारी नाही. म्हातारी आहे." आणि परत येताना बसमध्ये, न विचारता, बोलू लागले. ब्रश घासले की आवाज कसा कोरडा होतो. बेअरिंग जायच्या आधी आठ दिवस कशी एक बारीक शीळ येते, जी साहेबांना ऐकूच येत नाही. कम्युटेटरवर अभ्रक वर आलं की कशी टकटक लागते. रात्रपाळीत इंजिन शेडात शिरतानाच ते उठून उभे राहायचे आणि कागद हातात येण्याच्या आत कुठली टीएम उघडायची ते सांगायचे. मग आली तीन फेजवाली नवी इंजिनं. निवृत्तीच्या आधी त्यांना प्रशिक्षणाला पाठवलं होतं. त्या मोटरींना कम्युटेटर नाही, ब्रश नाहीत. बाबांनी वर्गात हात वर करून विचारलं होतं, मग तपासायचं काय? शिकवणारा तरुण इंजिनिअर हसून म्हणाला, स्क्रीनवर येतं की काका. २०१६मध्ये हार्बरवरची शेवटची डीसी लोकल निघाली तेव्हा बाबा कल्याणहून मुद्दाम गेले होते. लोक फोनवर शूटिंग करत होते. बाबा म्हणे डब्याच्या दारात न उभं राहता आत मोटरीच्या वर बसले.

मग मी एक चूक केली. मुलगी म्हणून केली, त्यामुळे माफ असावी. मी साउंड डिकोडर मागवला. खऱ्या क्लास ३७च्या आवाजाचं रेकॉर्डिंग असलेली चिप आणि साखरेच्या खड्याएवढा स्पीकर. दोन रात्री जागून तो इंजिनाच्या पोटात बसवला. तिसऱ्या दिवशी बाबांना वर बोलावलं आणि नॉब फिरवला. आधी इंजिन धडधडून सुरू झालं, मग ती खोल घुरघुर, मग ब्रेक सुटल्याचा फुस्स. माझ्या अंगावर काटा आला. बाबाही खूश दिसले. खुर्ची पुढे ओढली. गाडी आली तसं त्यांनी बोट पुढे केलं आणि इंजिनाच्या नाकाला लावून ते हलकेच अडवलं. चाकं जागच्या जागी फिरू लागली. आवाज होता तसाच, निवांत, ऐटीत.

त्यांनी बोट काढून घेतलं. "हिला काही होत नाहीये," ते म्हणाले.

तक्रारीचा सूर नव्हता. तपासणीनंतर वहीत नोंद करावी तसं म्हणाले. खरंच होतं ते. थालीपीठ मोटरीला अडवलं की ती लगेच केकाटायची, वास सोडायची, तापायची. तिचा सगळा आरडाओरडा म्हणजे तिचं म्हणणं होतं, आणि त्या म्हणण्याला बाबांकडे उत्तर असायचं. चिपमधलं इंजिन कुठल्या तरी एका चांगल्या दिवशी रेकॉर्ड केलेलं. ते कायम त्याच दिवसात राहणार. मी डिकोडरचा आवाज बंद केला. परत केला तर पैसे मिळतील का, हेही मनात येऊन गेलं.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याला मी पहिल्या दिवसापासून टाळत होते.

"जुनी मोटर कुठाय? आपले ब्रश होते त्यात."

क्लबात एक पेटी असते. नको असलेले सुटे भाग त्यात टाकायचे, लागतील त्याने घ्यायचे, पेटीतल्या पैशांतून चहा-बिस्किटं. उन्हाळ्यात मी जुनी चॅसी त्यात टाकली होती. ती कुणीतरी दोन पौंडांना घेतली. मी स्वतः ते दोन पौंड डब्यात पडताना ऐकले होते आणि त्याच पैशांचं बिस्किट खाल्लं होतं. असं नाही की मला ब्रशांची आठवण नव्हती. टाकताना अर्धा क्षण आठवण झाली होती, पण मागे कुणीतरी उभं होतं, आणि एकोणीसशे नव्वदचा उंबरा, पॉलिश पेपर, पडद्यावरचा ठसा हे सगळं इंग्रजीत कसं सांगायचं हे मला सुचलं नाही. मी हे सगळं बाबांना सांगितलं. चहा-बिस्किटासकट.

"देताना चालत होती?"

"हो."

"मग ठीक आहे." एवढंच. आई खालून ओरडली, की दोन पौंडात कोथिंबिरीच्या तीन जुड्या आल्या असत्या. माळ्यावरचं सगळं तिला खाली ऐकू येतं. कुणाचे कान जास्त तिखट, हा आमच्या घरात जुना वाद आहे.

पुढच्या मंगळवारी मी हॉलमध्ये विचारत फिरले. पेटी सांभाळणाऱ्या आजोबांना आठवत होतं. गिअरची चाकं हवी होती म्हणून कुणीतरी तीनचार जुन्या मोटरी एकदम उचलल्या होत्या, दुसऱ्या गावचा माणूस, प्रदर्शनाच्या दिवशी आलेला. आजोबांनी मला मनापासून विचारलं, त्या मोटरीत असं काय होतं? मी म्हटलं, ब्रश. ते म्हणाले, अगं ब्रश नवे मिळतात, पाकीटभर. आणि खरंच त्यांनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढून माझ्या हातावर ठेवलं. पैसे घेतले नाहीत.

जायच्या आदल्या रात्री बाबांनी इंजिन हातात मागितलं. माळ्यावर नाही, खाली स्वयंपाकघराच्या टेबलाशी, दिव्याखाली. बॅगा भरून झाल्या होत्या, आई वजनकाट्याशी झगडत होती. मी अंग आणि चॅसी वेगळी करून दिली. आधी त्यांनी चॅसी उचलून बघितली. वजनाला मान दिली, भुवया वर करून. मोटरचा बंद डबा सगळीकडून फिरवून बघितला. "ही उघडत नाही?" नाही. "मग बिघडली तर?" नवीन घालायची. "हं." ती त्यांनी टेबलावर अगदी अलगद ठेवली, झोपलेल्या परक्या मुलाला ठेवावं तशी.

मग रिकामं अंग घेतलं. नाकावरून अंगठा फिरवला. खिडकीशी मी कानसलेल्या कडा तपासल्या, एका ठिकाणी जास्त गेलीय ते बरोबर त्यांना सापडलं. आणि मग ते उताणं करून त्यांनी तर्जनी आत घातली, जिथे पूर्वी मोटर असायची त्या टोकाला, आणि छताच्या आतल्या बाजूने सावकाश फिरवली. बोट बाहेर काढलं. शेंड्यावर काळं. तेलात मळलेला, दाट, काजळासारखा थर. तीस-पस्तीस वर्षं त्या दोन तुकड्यांनी झिजत झिजत वर उडवलेला, आणि मी आळसाने न धुतलेला.

त्यांनी बोट नाकाशी नेलं. मग चांगल्या डोळ्याजवळ. अंगठ्यावर घासून बघितलं, दोनदा.

"टीएमचाच आहे," ते म्हणाले.

बाहेरच्या खोलीत काटा खाली आपटल्याचा आवाज आला आणि आईची पावलं स्वयंपाकघराकडे वळली. बाबांनी झटकन ते बोट पायजम्याच्या आतल्या शिवणीला पुसलं आणि इंजिनाचं अंग माझ्या हातात दिलं.